संबंधाचे स्वरूप

पालकांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर ती बसली, तिथेच सगळी सुरुवात झाली.

मुख्याध्यापकांच्या खोलीत दुसरी बसायला जागाच नव्हती. एका खुर्चीवर खडूंची खोकी होती, दुसरीवर बुड मोडलेला पृथ्वीचा गोल. मुख्याध्यापक शाळेचा शिक्का शोधायला आत गेले होते. ती मांडीवरच्या पिशवीतले तपासणीचे कागद तिसऱ्यांदा मोजत होती. तेवढ्यात एक उंच माणूस आत आला आणि तिच्याकडे बघून उभ्याउभ्याच सुरू झाला.

"आलात, बरं झालं. तीन दिवस झाले, तुमचा मुलगा शाळेत नाही. ताप असेल तर कळवा, पाहुणे असतील तर तेही कळवा. पण काल तो मला तळ्याकाठी दिसला. मला बघून झाडामागे लपला. झाड केवढं? एवढंसं! मुलगा झाडापेक्षा जाड आहे."

ती काही बोलली नाही. समोरचा बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, ही तिच्या कामातली पहिली शिस्त. दहा वर्षं तिने तीन देशांतल्या आयांना, बापांना, शिक्षकांना तेच ते प्रश्न विचारले होते. घरात पुस्तकं किती, शाळा किती लांब, मूल शाळेत का जात नाही. त्यामुळे मान हलवायची, डोळ्यांत बघायचं आणि थांबायचं, हे अंगात मुरलेलं.

"वाचताना अडखळला की बाकीचे ओरडून शब्द सांगतात, मग हसतात. म्हणून येत नाही तो," माणूस आता जरा हळू बोलत होता. "घरी रागावू नका त्याला. फक्त पाठवा. पुढचं माझ्यावर सोडा. काय?"

"हो," ती म्हणाली. "पण मला मूल नाही."

"...म्हणजे?"

"म्हणजे लग्नच नाही. मी मुलांचं वाचन तपासायला आलेय. अभ्यास प्रकल्पाकडून."

त्याचे कान आधी लाल झाले, मग गाल. "मग चार मिनिटं ऐकून कशाला घेतलंत?"

"साडेचार," ती म्हणाली. "आणि तुम्ही छान बोलत होतात..."

शेवटचं वाक्य आपल्या तोंडून कसं निघालं, हे तिला कळलं नाही. तिने घाईघाईने कागद चौथ्यांदा मोजायला घेतले. तो दुसरीचा वर्ग शिकवायचा. त्याच वर्गात त्या दिवशी तिने वीस मुलांना एकेक मिनिट वाचायला लावलं. गळ्यातल्या घड्याळाचं बटण दाबायचं, साठ सेकंद, परत बटण. मधल्या सुट्टीपर्यंत मुलांनी तिचं नाव टिकटिकबाई ठेवलं होतं. आणि सर दारात उभे राहून हसू दाबत होते.

अभ्यास साठ शाळांचा होता. चिठ्ठ्या टाकून त्यातल्या तीस शाळांना यंदा एक पेटी दिली होती. पेटीत वाचनाची पुस्तकं आणि ती वर्गात कशी वापरायची याच्या सूचना. उरलेल्या तीस शाळांना पेटी पुढच्या वर्षी. वर्षाअखेर दोन्हीकडची मुलं किती वाचतात ते बघायचं, आणि जो फरक दिसेल तो पेटीचा. हिशोब सरळ. अट एकच, थांबलेल्या शाळांना पेटीत काय आहे ते कळता कामा नये.

सरांची शाळा थांबलेल्या शाळांपैकी.

मंगळवारी आणि गुरुवारी ती त्या मार्गावरच्या शाळांत वर्ग बघायला जायची. परतीची बस चार पन्नासला, सरांच्या शाळेसमोरून. पहिल्या मंगळवारी थांब्यावर तोही उभा होता.

"शहरात जाता?" तिने विचारलं.

"हं... जातो," तो म्हणाला.

बसच्या काचेवर धुकं साचलेलं. तो खिडकीकडे, ती वाटेकडे, मध्ये तिची पिशवी. पंचावन्न मिनिटांत त्याने तिला सोळा प्रश्न विचारले. तिने मोजले होते. ती परदेशात शिकली का, तिथे मन रमलं का, एवढं शिकून मुलांच्या तोंडातले शब्द मोजायला कंटाळा येत नाही का.

"प्रश्न मी विचारायचे असतात," ती म्हणाली.

"मग विचारा की! पण एक सांगतो, आमच्या घरात पुस्तकं चौदा, शाळा लांब नाही, आणि मी अजून अविवाहित आहे."

"तिसरा प्रश्न आमच्या यादीत नाही."

"घाला ना मग!"

ती खिडकीतून बाहेर बघू लागली. धुक्यामुळे काही दिसत नव्हतं, तरी बघत राहिली.

तिसऱ्या फेरीला तिच्याकडून चूक झाली. तो झाडामागे लपणाऱ्या मुलाबद्दल सांगत होता. मुलगा शाळेत आला होता, पण अडला की बाकीचे ओरडायचे आणि याचं तोंड बंद. सर सांगत होते तसा त्यांचा चेहराही पडत चालला होता. आणि तिला तो पडलेला चेहरा बघवेना.

"शब्द सांगूच देऊ नका," ती म्हणून गेली. "दोघांत एक पुस्तक द्या. एकाने वाचायचं, दुसऱ्याने ओळीखाली बोट धरायचं. वाचणारा अडला, की बोटवाल्याने मनात तीन मोजायचे. तीन होईपर्यंत सांगायचं नाही. बहुतेक वेळा तीनच्या आत त्याचं त्यालाच येतं."

सर तिच्याकडे बघत राहिले. "अरे... एवढं सोपं?"

तिने जीभ चावली. हे पेटीतल्या सूचनापुस्तिकेचं अकरावं पान होतं. आता काय करायचं? 'कुणाला सांगू नका' म्हणावं, तर हे पेटीतलं आहे हेच सांगितल्यासारखं. न म्हणावं, तर... ती गप्प बसली. एक वर्ग, एक शिक्षक, एवढ्याने काय होतंय, असं स्वतःला समजावत तिने तो प्रवास संपवला. त्या रात्री तिला झोप लागली नाही, आणि त्याचं कारण फक्त चूक नव्हतं, हेही तिला माहीत होतं.

पुढे फेऱ्या होत राहिल्या, सुट्टीचा एक गुरुवार सोडून. एकदा बारीक पाऊस होता आणि खिडकी बंद होईना. तो मुलांच्या एका वहीने तासभर फट झाकून बसला आणि उतरताना म्हणाला, "मुलांना सांगतो, गृहपाठ तुमच्या बाईंनी भिजवला." एकदा ती डुलकी लागून त्याच्या खांद्यावर कलंडली. जागी झाली तर तो इतका ताठ बसला होता की जणू परीक्षेला बसलाय.

"उठवायचं ना मला!"

"मनात तीन मोजत होतो," तो म्हणाला. "पुढे गेलो मोजत... हजाराच्या आसपास पोचलो."

ताईला फोनवर सगळं कळत होतं. "काय गं, बसवाला काय म्हणतो?"

"बसवाला नाही, शिक्षक आहे."

"बसमध्येच भेटतो ना? मग बसवाला. तुला विचारलं का त्याने?"

"काय विचारायचं?"

"देवा! तेहतीस वर्षांची झालीस. लोकांच्या घरची भांडीसुद्धा मोजून येतेस, आणि स्वतःचं एक माणूस वाचता येत नाही तुला?"

येत नव्हतं, हे खरं. आणि वेळही नव्हता. परदेशातल्या मुख्य कार्यालयात दोन वर्षांची जागा निघाली होती. पाच देशांतल्या अभ्यासांची आखणी करायची. ज्या कामासाठी ती इतकी वर्षं राबली, ते हेच. मुलाखतीचं पत्र आलं होतं. जायचं म्हटलं तर ही बस सुटणार होती. ती हे पत्र बॅगेत घेऊन फिरायची, आणि सरांना सांगायचं रोज उद्यावर ढकलायची.

नऊ आठवडे झाल्यावर तपासनिसांच्या दुसऱ्या गटाने घेतलेल्या मधल्या तपासणीचे आकडे आले.

सोमवारी सकाळी कार्यालयात तिने तक्ता उघडला. सुरुवातीला सगळीकडे मुलं मिनिटाला साधारण अठ्ठावीस शब्द वाचत होती. आता पेटीवाल्या शाळा चव्वेचाळीसवर. थांबलेल्या शाळा एकतीसवर. फक्त चार थांबलेल्या शाळा त्रेचाळीसवर.

चार. एक नाही, चार. आणि चारही त्याच बसमार्गावरच्या.

दुपारच्या सुट्टीत ती शाळेच्या फाटकाशी उभी होती. सर डबा हातात घेऊनच बाहेर आले, चेहरा खुललेला.

"आज सोमवारी? माझं नशीब!"

"तुम्ही ते तीन मोजायचं... दुसऱ्या शाळांत सांगितलंत?"

"सांगितलं ना! मासिक बैठकीत. तिघांनी लगेच उचललं. तुमचं नाव नाही हो घेतलं. माझंच म्हणून सांगितलं, जरा भाव खाल्ला." तो हसला. "आणि आपला झाडामागचा गडी, शनिवारी आख्खं पान वाचलं त्याने! बोटवाल्याला म्हणतो, तू मोज, मी येतो..."

तिला हसू आलं नाही. तिने सगळं सांगितलं. पेटी, अकरावं पान, चार शाळा, त्रेचाळीस. सांगता सांगता त्याच्या हातातल्या डब्याचं झाकण हळूहळू बंद झालं.

"म्हणजे हे पेटीत होतं."

"मी बोलायला नको होतं."

"आणि मला कळलं असतं, तर मी वर्गात करायला नको होतं?"

"...हो."

"आणि मुलं?"

"पुढच्या वर्षी मिळणारच होतं त्यांना."

"पुढच्या वर्षी ती दुसरीत नसतील," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, म्हणूनच तिला जास्त लागलं.

आणि मग तिने ते विचारलं. आठवडाभर नव्हे, नऊ आठवडे मनात कुठेतरी दबून असलेलं. "तुम्ही त्यासाठीच बोलत होता का माझ्याशी? पेटीत काय आहे ते काढून घ्यायला?"

त्याने तिच्याकडे बघितलं. काहीतरी म्हणणार होता. घंटा झाली.

"माझा तास आहे," तो म्हणाला, आणि गेला.

मंगळवारी थांब्यावर तो नव्हता. गुरुवारीही नव्हता. ती शेजारच्या रिकाम्या जागेवर पिशवी ठेवून बसली. वाहकाने विचारलं, "आज साहेब नाहीत?" तिने मान हलवली आणि धुक्यात बघत राहिली.

गप्प बसणं सोपं होतं. कार्यालयात तिच्याशिवाय कुणाला काही माहीत नव्हतं. चार शाळा पुढे गेल्या, का गेल्या, देव जाणे, असं कधीकधी होतं. ताईनेही तेच सांगितलं. "सोमवारी मुलाखत आहे ना तुझी? मग तोंड बंद ठेव. चार शाळांनी जग बुडत नाही."

पण तिने गुरुवारी संध्याकाळी कागदावर मांडून बघितलं. मासिक बैठका दर महिन्याला होतात. शिक्षक बोलतात. आज चार, वर्षाअखेर बारा, पंधरा. थांबलेल्या शाळा वर येणार, फरक आकसणार, आणि अहवाल म्हणणार, पेटीचा फारसा उपयोग नाही. मग पुढच्या वर्षी तीस शाळांना पेटी मिळणार नाही. हाच अभ्यास चाललेल्या आणखी दोन देशांतही नाही. ज्या मुलांना तिने 'पुढच्या वर्षी मिळेल' म्हटलं होतं, त्यांना कधीच नाही. तिने पेन खाली ठेवलं.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला ती अभ्यासाच्या प्रमुख बाईंसमोर बसली. प्रमुख बाई साठीच्या, चष्मा दोरीने गळ्यात, बोलणं मोजकं. तिने सांगितलेलं त्यांनी न थांबवता ऐकून घेतलं.

"किती जणांना माहीत आहे?"

"आता आपल्या दोघींना. सरांना. आणि माझ्या ताईला."

"सोमवारी मुलाखत आहे तुझी."

"हो."

"त्यांना हे मला कळवावं लागेल. आजच."

"हो." आवाज नीट निघाला नाही, म्हणून तिने परत म्हटलं, "हो."

बाईंनी कपाटातून एक फॉर्म काढला. अभ्यासातल्या कुणाशी वैयक्तिक संबंध असेल तर तो जाहीर करायचा, असा नियम होता. तिने तो फॉर्म इतरांकडून कितीदा भरून घेतला होता, स्वतः पहिल्यांदाच भरत होती. नाव, हुद्दा, शाळा. पाचवा रकाना: 'संबंधाचे स्वरूप'. तिथे तिचं पेन अडलं. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. जे ठाऊक आहे तेवढंच लिहायचं, अंदाज लिहायचा नाही, हे तिने नव्या तपासनिसांना शिकवलं होतं. तिने तेवढंच लिहिलं आणि फॉर्म पुढे सरकवला.

प्रमुख बाईंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. "'माझ्या बाजूने: प्रेम. त्यांच्या बाजूने: माहिती उपलब्ध नाही.'"

तिचे कान तापले.

"सतरा वेळा बसमध्ये शेजारी बसलीस?"

"सतरा."

"आणि माहिती उपलब्ध नाही." बाईंनी चष्मा काढला. "नीट ऐक. त्या चार शाळांचे आकडे वेगळे काढायचे. उरलेल्या शाळांत ते आणखी कुठे गेलंय का, ते दुसरं कुणीतरी बघेल, तू नाही. या अभ्यासासाठी तू आता शाळांत जाणार नाहीस. मुख्य कार्यालयाच्या जागेचं... मला नाही वाटत ती तुला मिळेल. निधी देणारे काय म्हणतील, तेही माहीत नाही. त्या शिक्षकावर काही येऊ नये एवढं मी बघते. त्याची चूक नाही."

"हो."

"आणि एक. एका पानावरची गोष्ट कुणाचा आदेश नसताना, पैशाशिवाय, एका बैठकीत चार शाळांत पोचली. आम्ही तीस शाळांत ती पोचवायला गाड्या पाठवल्या. हे का झालं, ते लिहून काढ. ते काम तुझं." त्यांनी फॉर्म तिच्याकडे परत ढकलला. "हा मात्र अपुरा आहे. अपुरा फॉर्म मी घेत नाही. उद्या दहापर्यंत पुरा करून आण."

ती दुपारच्या बसने निघाली. बॅग मांडीवर, हात बॅगवर, नजर घड्याळावर. वाटेत तिने वाक्यं जुळवली, मोडली, परत जुळवली. 'मला आपल्याकडून एक माहिती हवी आहे' — छे, जनगणनेला आल्यासारखं. 'तुम्ही रागावलात का' — रागावलाय हे तर दिसतंच आहे. तो फाटकाबाहेर येणारच नाही, ही शक्यता तिने नऊ वेळा विचारात घेतली.

शाळा सुटली होती. तो एकटाच व्हरांड्यात बसून वह्या तपासत होता. तिला बघून उठला, वह्या सांडल्या, त्याने त्या उचलल्या नाहीत.

"मी सांगितलं," ती म्हणाली. "कार्यालयात. सगळं. तुमच्यावर काही येणार नाही."

"आणि तुमच्यावर?"

"मला परदेशात एक जागा मिळणार होती. आता बहुतेक नाही." पहिल्यांदाच तिने हे त्याला सांगितलं, आणि तेही जागा गेल्यावर. "तुमच्यामुळे नाही. बोलले मी होते."

"मला वाईट वाटतंय," तो म्हणाला. "पण ते बोट धरायचं मी बंद करणार नाही."

"करूही नका."

मग तिने फॉर्म पुढे केला. त्याने वाचला. पाचव्या रकान्याशी थांबला. परत पहिल्यापासून वाचला.

"हे... तुम्ही ऑफिसात दिलंत? मला सांगायच्या आधी?"

"नियम आहे," ती म्हणाली, आणि आपण किती मूर्खासारखं बोललो ते तिला लगेच कळलं. "फॉर्म अपुरा आहे म्हणून परत आलाय. दुसरी ओळ... म्हणजे, जे खरं असेल ते. 'नाही' असलं तरी चालेल. फक्त उद्या दहापर्यंत..."

"सोमवारी तुम्ही मला एक विचारलं होतं. पेटीसाठी बोलत होतो का."

"हो."

"तुमच्याच पद्धतीने सांगू? पेटीतलं मला तिसऱ्या फेरीला मिळालं. त्यानंतर मी चौदा फेऱ्या केल्या." त्याने मान मागे वळवून शाळेच्या भिंतीपलीकडे बोट दाखवलं. निळं दार, दारासमोर वाळत घातलेला सदरा. "ते माझं घर."

"...ते?"

"ते."

"मग शहरात?"

"काही काम नसायचं. तुम्ही उतरलात की समोरच्या बसने परत. पावणेसातला घरी. आई म्हणते, वह्या तपासायला एवढ्या लांब जाऊ नकोस."

ती बघतच राहिली. शाळा लांब नाही, हे त्याने पहिल्याच फेरीला सांगितलं होतं. तिने ऐकलं होतं, नोंदलं नव्हतं. "दर वेळी दोन तास?"

"एक तास पन्नास मिनिटं."

"मग मंगळवारी का नाही आलात? गुरुवारी?"

"मंगळवारी राग होता. गुरुवारी नव्हता, पण वाटलं, शेजारी बसलो तर म्हणाल, आला आणखी एक पान काढून घ्यायला." तो हसायचा प्रयत्न करत होता, जमत नव्हतं. "घराच्या खिडकीतून बघत होतो. तुम्ही माझ्या जागेवर पिशवी ठेवलीत."

तिने पेन काढलं. टोपण निघेना. त्याने ते तिच्या हातातून घेतलं, उघडलं, आणि फॉर्म व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवून 'माहिती उपलब्ध नाही' यावर एक सरळ रेघ मारली. वर, वर्गात फळ्यावर लिहितो त्या गोल, ठळक अक्षरांत, दोन शब्द लिहिले. तिने वाकून वाचले. दोनदा वाचले. तपासायची सवय.

"बरोबर आहे ना?" त्याने विचारलं.

"हो," ती म्हणाली. "पूर्ण आहे."

चार पन्नासची बस वळणावरून आली आणि फाटकासमोर थांबली. वाहक दारातून वाकला. एका कठड्याशी दोघं, पायाशी सांडलेल्या वह्या, कुणीच हलत नव्हतं.

"येताय का कुणी?"

"नाही," दोघं एकदमच म्हणाले.

बस गेली. मग तिच्या लक्षात आलं, पुढची बस किती वाजता आहे हे तिने आज पहिल्यांदाच बघून ठेवलं नव्हतं. आणि तो वह्या गोळा करत म्हणत होता, "चला, आईला तुम्हाला बघायचंच आहे. आधी सांगून ठेवतो, प्रश्न ती विचारेल."